एकट्याची कयाक आणि समुद्राचे गणित

तुमच्या वर्गातल्या बाकावर एका विद्यार्थ्याला जेवढी जागा मिळते, साधारण तेवढ्याच रुंदीची एक होडी डोळ्यांसमोर आणा. लांबी मात्र पाच मीटर. दोन्ही टोके निमुळती, वरून झाकलेली आणि मध्ये एक माणूस बसेल एवढेच भोक. या होडीला ‘कयाक’ म्हणतात. ग्रीनलंड व उत्तर ध्रुवाजवळच्या इतर प्रदेशांत राहणाऱ्या इन्यूइट लोकांनी ती शोधून काढली. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे, एवढ्यावर त्यांचा शिकारी एकटाच बर्फाळ समुद्रात जाई. आज कयाक प्लॅस्टिकची किंवा काचतंतूची बनते. युरोप-अमेरिकेत अनेक जण सुटीत तंबू, शिधा आणि गळ तिच्यात भरून चार-सहा दिवस एकट्यानेच किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडतात. दिवसा मासे धरायचे, रात्री एखाद्या निर्जन पुळणीवर मुक्काम करायचा.

एवढ्याशा होडीचा समुद्रात निभाव लागतो का? लागतो. १९५६ साली हान्नेस लिंडेमान नावाच्या जर्मन डॉक्टरने घडीच्या कयाकमधून ७२ दिवसांत एकट्याने अटलांटिक महासागर पार केला. वाटेत त्याची होडी उलटलीही. तरी तो वाचला. पण एकट्याच्या प्रवासात एक गोष्ट पक्की असते. चूक झाली तर सावरायला दुसरे कोणी नसते. जे काही समजून घ्यायचे, ते निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच. आणि त्यातले बरेचसे तुमच्या आठवी ते दहावीच्या पदार्थविज्ञानातच आहे. ते कसे, हे आपण एका खऱ्या जागेच्या आधाराने पाहू या.

ही जागा म्हणजे स्कॉटलंडचा पश्चिम किनारा. तिथे जुरा नावाचे एक डोंगराळ, विरळ वस्तीचे बेट आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीनविषयक कायद्याने बहुतेक मोकळ्या जागी जबाबदारीने तंबू ठोकण्याची मुभा सर्वांना मिळाली आहे. त्यामुळे कयाकवाल्यांची तिथे ये-जा असते. समजा, असाच एक प्रवासी पाच दिवसांसाठी निघाला आहे.

होडी किती बुडते?

प्रवाशाचे वजन ७० किलो, कयाक २५ किलो आणि तंबू, शिधा, पिण्याचे पाणी मिळून सामान ३० किलो. एकूण १२५ किलो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १.०२५ किलो असते. १२५ ला १.०२५ ने भागले की १२२ लिटर येतात. म्हणजे कयाकचा १२२ लिटर आकारमानाचा भाग पाण्याखाली जाईल.

हिशेब सोपा व्हावा म्हणून पाण्याला टेकणारा भाग ४ मीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद अशा पेटीसारखा आहे असे मानू. त्याचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर. तेव्हा होडी फक्त ६.१ सेंटिमीटर बुडेल! हीच कयाक गोड्या पाण्याच्या तळ्यात नेली तर १२५ लिटर पाणी सारावे लागेल आणि ती आणखी दीड मिलिमीटर खाली जाईल.

कयाकच्या पुढच्या व मागच्या भागात आडव्या भिंती घालून हवाबंद कप्पे केलेले असतात. सामान त्यांतच ठेवतात. मधल्या भागात पाणी शिरले तरी हे कप्पे होडीला बुडू देत नाहीत.

ती उलटत का नाही?

तरंगणे एक आणि सरळ राहणे दुसरे. ओंडका छान तरंगतो, पण त्यावर उभे राहून पाहा!

होडीवर दोन बले काम करतात. एक वजन, ते गुरुत्वमध्यातून खाली. दुसरे पाण्याचे उत्प्लावक बल. ते पाण्यात बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर. होडी सरळ असताना दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतात. आता होडी उजवीकडे थोडी कलली असे समजा. उजवी बाजू अधिक बुडाली, डावी वर आली. बुडालेल्या भागाचा मध्य त्यामुळे उजवीकडे सरकला आणि उत्प्लावक बल आता उजवीकडून वर ढकलू लागले. होडी पुन्हा सरळ होऊ पाहते ती यामुळे.

मात्र यासाठी एक अट आहे. सरकलेल्या उत्प्लावक बलाची रेषा वर वाढवली तर ती होडीच्या मधल्या रेषेला एका बिंदूत छेदते. या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तर होडी सरळ होते. वर असेल तर तीच बले तिला आणखी कलती करतात आणि ती उलटते.

पेटीच्या आकाराच्या होडीत हा बिंदू कुठे असतो ते सहज काढता येते. रुंदीचा वर्ग करा आणि त्याला बुडालेल्या खोलीच्या बारापटीने भागा. म्हणजे २५०० भागिले ७३.२, सुमारे ३४ सेंटिमीटर. हे अंतर बुडालेल्या भागाच्या मध्यापासून मोजायचे. तो मध्य तळापासून ३ सेंटिमीटर वर आहे. तेव्हा मेटासेंटर तळापासून ३७ सेंटिमीटर उंचीवर आले.

आता गुरुत्वमध्य काढू. पाय लांब करून बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य तळापासून सुमारे २८, रिकाम्या कयाकचा १५ आणि तळाशी रचलेल्या सामानाचा १२ सेंटिमीटर वर आहे असे धरा. वजनांनी गुणून सरासरी काढली की एकत्रित गुरुत्वमध्य २२ सेंटिमीटरवर येतो. मेटासेंटर त्याच्याही १५ सेंटिमीटर वर आहे. होडी स्थिर आहे.

प्रवाशाने आळसाने ते ३० किलो सामान आत न भरता वरच्या आच्छादनावर, ४० सेंटिमीटर उंचीवर बांधले तर? गुरुत्वमध्य २८ सेंटिमीटरवर चढतो आणि १५ चे ९ सेंटिमीटर उरतात. सामान तेच, होडी तीच, पण स्थैर्य जवळजवळ निम्म्यावर आले. आणि तो उभा राहिला तर त्याचा स्वतःचा गुरुत्वमध्य सुमारे १०० सेंटिमीटरवर जातो. एकत्रित गुरुत्वमध्य ६२ सेंटिमीटरवर, मेटासेंटरच्या कितीतरी वर. मग होडी उलटणारच. त्यात दैवाचा काही भाग नाही.

खऱ्या कयाकची टोके निमुळती आणि तळ गोलसर असतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे वेगळे, बहुधा कमीच येतात. पण एक गोष्ट तशीच राहते. सूत्रात रुंदीचा वर्ग आहे. खास मासेमारीसाठी बनवलेल्या कयाक ८०-९० सेंटिमीटर रुंद असतात आणि त्यांतल्या काहींत उभे राहूनही गळ टाकता येतो, तो याच वर्गाच्या जोरावर. आपल्या कोकणातल्या अरुंद होड्यांना एका बाजूला जो लाकडाचा तरंगता ओंडका जोडलेला असतो, ती उलांडी हेच काम करते. होडी अरुंदच राहते, पण पाण्याला टेकणारी रुंदी वाढते.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी रुंदच कयाक का घेऊ नये? रुंद होडी वल्हवायला जड जाते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. होडी सरळ राहू पाहते ती पाण्याच्या पृष्ठभागाच्या संदर्भात. लाटेच्या उतारावर पृष्ठभागच तिरका असतो. रुंद होडी इमानाने त्या उताराबरोबर तिरकी होते आणि बसलेल्या माणसालाही तिरके करते. अरुंद होडीत माणूस कमरेतून होडीला खाली हलू देतो आणि आपण सरळ राहतो. शांत पाण्यात जिचा धीर वाटतो, ती होडी खवळलेल्या पाण्यात तितकीच भरवशाची असेल असे नाही.

मासा ओढतो तेव्हा

उन्हाळ्यात या किनाऱ्यावर मॅकरेल नावाच्या माशांचे थवे येतात. आपल्या बांगड्याच्याच कुळातला हा मासा. एका दोरीला पाच-सहा गळ आणि प्रत्येक गळाला एकेक पीस बांधून ती दोरी खालीवर हलवली की तो पिसाला लहान मासा समजून झडप घालतो.

समजा, एखादा मोठा मासा लागला आणि होडीच्या मध्यापासून ८० सेंटिमीटर बाहेर दोरी ३ किलो वजनाइतक्या बलाने खाली ओढली गेली. ३ गुणिले ०.८ म्हणजे २.४. होडीला सरळ करणारी जोडी म्हणजे १२५ किलो गुणिले ०.१५ मीटर गुणिले कलण्याच्या कोनाची ज्या. दोन्ही समान मांडले तर होडी सुमारे ७ अंशांनी कलते. काळजीचे कारण नाही.

पण मासा घ्यायला प्रवासी स्वतःच बाजूला झुकला तर? कमरेवरचे शरीर ४० किलोचे धरा. ते २० सेंटिमीटर बाजूला गेले की ४० गुणिले ०.२ म्हणजे ८. आता कोन २५ अंशांवर जातो! (एवढ्या मोठ्या कोनाला आपले सूत्र काटेकोर लागू पडत नाही, पण धोका कुठे आहे हे त्यावरून कळते.) होडी उलटवतो तो मासा नव्हे, माशाकडे झुकणारा माणूस. म्हणून जाणते लोक पाठ ताठ ठेवून मासा आपल्याकडे आणतात, आपण माशाकडे जात नाहीत.

इथे आणखी एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मॅकरेलला हवेची पिशवी नसते. पण पोलॅक या तिथल्याच दुसऱ्या माशाला असते. पाण्यात १० मीटर खोलीवर दाब वातावरणाच्या दुप्पट असतो. बॉइलच्या नियमानुसार तिथून वर ओढलेल्या माशाच्या पिशवीतली हवा दुप्पट फुगू पाहते, २० मीटरवरून आणला तर तिप्पट. असा मासा परत सोडला तरी बहुधा जगत नाही. तेव्हा पोटापुरते मासे मिळाले की गळ गुंडाळावा, हे बरे.

मासे असतात तिथेच धोका असतो

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. मासे सर्वांत जास्त कुठे मिळतात? जिथे भरती-ओहोटीचे पाणी भूशिरांना वळसा घालून किंवा अरुंद खाडीतून जोराने वाहते तिथे. प्रवाहाबरोबर बारीक जीव येतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. एकट्या प्रवाशाला हीच जागा सर्वांत मोहाची, आणि हीच सर्वांत वाईट.

जुरा आणि त्याच्या उत्तरेचे स्कारबा यांच्यामध्ये सुमारे एक किलोमीटर रुंदीची कोरीव्रेकन नावाची सामुद्रधुनी आहे. बेटाच्या दोन बाजूंना भरती एकाच वेळी येत नाही. एका बाजूचे पाणी चढलेले असते तेव्हा दुसरीकडचे खाली असते, आणि हा फरक भरून काढायला सगळे पाणी या फटीतून धावते. उधाणाच्या दिवशी त्याचा वेग ताशी १५-१६ किलोमीटरपर्यंत जातो. वाटेत पाण्याखालचा एक सुळका पृष्ठभागाखाली सुमारे २९ मीटरपर्यंत वर आलेला आहे. त्यावर आपटून पाणी उसळते आणि भोवरे बनतात. ऑगस्ट १९४७ मध्ये प्रसिद्ध लेखक जॉर्ज ऑर्वेल घरच्या मंडळींसह मोटारबोटीतून इथे आले आणि भोवऱ्यांत सापडले. भरतीचे वेळापत्रक वाचण्यात चूक झाली होती. बोटीचे यंत्र निखळून समुद्रात पडले. कशीबशी वल्ही मारून त्यांनी एक खडक गाठला आणि जवळून जाणाऱ्या मच्छीमारांनी त्यांना सोडवले.

कयाकवाला दिवसभर टिकेल असा वेग ताशी ५ किलोमीटर धरला, तर ताशी १५ किलोमीटरच्या प्रवाहात उलट दिशेने वल्हवत असतानाही तो ताशी १० किलोमीटरने मागेच जाईल. अशा ठिकाणी दंडाच्या जोराला अर्थ नाही.

सौम्य प्रवाह मात्र बुद्धीने पार करता येतो. समजा, २ किलोमीटर रुंदीची खाडी आहे, प्रवाह ताशी ३ किलोमीटर आणि होडी ताशी ५ किलोमीटर. नाक समोरच्या किनाऱ्याकडे सरळ ठेवले तर २४ मिनिटांत पलीकडे पोचाल, पण १.२ किलोमीटर खाली वाहून जाल. ठरलेल्या जागीच उतरायचे असेल तर नाक प्रवाहाच्या उलट बाजूला ३७ अंशांनी वळवा. ३, ४, ५ बाजूंचा तुमच्या ओळखीचा काटकोन त्रिकोण तयार होतो. समोरच्या दिशेने वेग ताशी ४ किलोमीटर मिळतो आणि अर्ध्या तासात तुम्ही नेमके समोर पोचता. सहा मिनिटे जास्त लागली खरी. पण प्रवाहाचा वेगही ५ झाला की असा त्रिकोण काढताच येत नाही. कागदावर जो त्रिकोण निघत नाही तो समुद्रातही निघत नाही.

तेव्हा वेळ निवडणे हाच उपाय. भरती व ओहोटी यांच्या सांध्यावर पाणी काही काळ थबकते, तेव्हा पलीकडे जावे. पाणी किती वेगाने चढते यासाठी नाविक बाराव्या भागांचा नियम वापरतात. सहा तासांच्या भरतीत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारावे भाग चढते. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी ४ मीटर चढले, तर पहिल्या तासात ते ३३ सेंटिमीटर आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तब्बल १ मीटर चढेल. प्रवाहही बहुधा याच मधल्या दोन तासांत सर्वांत जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नकोच. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळाही याच हिशेबावर उभा आहे.

वारा, लाटा आणि थंडी

प्रवाह एकीकडे आणि वारा त्याच्या विरुद्ध, असे झाले की समुद्र थोड्या वेळात बदलतो. समोरून येणाऱ्या प्रवाहात शिरताना लाटांमधले अंतर कमी होते आणि उंची वाढते. लाटा उभ्या होतात आणि फुटतात. दर चार सेकंदांनी येणाऱ्या लाटेचा खोल पाण्यातला वेग सेकंदाला सुमारे ६.२ मीटर असतो. समोरचा प्रवाह याच्या एक चतुर्थांश, म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या थोडा वर गेला, की लाटेची ऊर्जा पुढे जाऊच शकत नाही. ती तिथेच साठते. सकाळी आरशासारखी असलेली जागा प्रवाह फिरताच दुपारी उकळू लागते, ती अशी.

पाण्यात पडल्यावर पहिला शत्रू बुडणे नसून थंडी असते. या किनाऱ्यावर ऑगस्टमध्येही पाणी १३-१४ अंश सेल्सिअस असते. पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीस पट अधिक चांगले उष्णतावाहक आहे. थंड पाण्यासाठी ‘१-१०-१’ असा ठोकताळा आहे. पहिले १ मिनिट श्वास ताब्यात येईपर्यंतचे, पुढची १० मिनिटे हातपाय नीट चालण्याची आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास. यातली १० मिनिटे महत्त्वाची. एकट्याला होडीत परत चढायचे ते तेवढ्यातच. म्हणून कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घालायचे. अंगावरचे तरंगजाकीट सुमारे ५ किलो वजनाइतके बल वर देते. आपल्या डोक्याचे वजनही साधारण तेवढेच, हे लक्षात घ्या.

उलटलेली कयाक आतच बसून सरळ करण्याची इन्यूइट लोकांची युक्तीही याच हिशेबावर आहे. वल्ह्याचा आधार घेऊन आधी कमरेने होडी वळवायची, मग धड आणि डोके सर्वांत शेवटी पाण्याबाहेर. नवखा माणूस श्वासासाठी डोके आधी वर काढतो; पाण्याने तोलून धरलेले ते वजन मग सगळे होडीवर येते आणि ती परत उलटते.

मुक्काम

तंबू भरतीच्या रेषेच्या बराच वर ठोकायचा. तासाला १ मीटर चढणारे पाणी, ३० मीटरला १ मीटर उतार असलेल्या पुळणीवर तासाला ३० मीटर आत येते. बांधून न ठेवलेली कयाक रात्रीतून निघून गेली, तर एकटा माणूस बेटावर अडकला म्हणून समजा.

इंधनाचाही हिशेब करता येतो. एक लिटर पाणी १० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३८० किलोज्यूल उष्णता लागते. निम्मी उष्णता वाया जाते असे धरले तर त्यासाठी सुमारे १६ ग्रॅम गॅस जळतो. रोज ३ लिटर याप्रमाणे पाच दिवसांना २४० ग्रॅम. एक लहान टाकी आणि हाताशी दुसरी, एवढे पुरे.

क्षितिज किती दूर?

कयाकमध्ये बसलेल्याचे डोळे पाण्यापासून सुमारे ८० सेंटिमीटर उंच असतात. डोळ्यांची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. इथे ते येते फक्त ३.२ किलोमीटर. बिनतारी संचाच्या लहरीही साधारण सरळ रेषेत जात असल्याने दोन कयाकवाले ६-७ किलोमीटरपलीकडे एकमेकांशी बोलू शकत नाहीत. किनाऱ्यावरच्या १०० मीटर उंच टेकडीवरचा ग्राहक मात्र ३५ किलोमीटरपलीकडूनही ऐकू शकतो. म्हणून एकटा जाणारा माणूस आपला मार्ग आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावर कोणाला तरी लिहून देतो. तेवढ्यापुरता तो एकटा राहत नाही.

आपल्या किनाऱ्यावर पाणी उबदार असते. थंडीचा प्रश्न येत नाही. पण भरतीचे प्रवाह, वारा आणि पावसाळ्यातला खवळलेला समुद्र यांचे नियम तेच. आपले कोळी बांधव आकाश आणि तिथी पाहून आज होडी काढायची की नाही हे ठरवतात, तेव्हा तेही हाच हिशेब करत असतात. ‘आज नको’ हे उत्तरही त्या हिशेबातूनच येते, आणि ते ऐकण्यात कमीपणा नाही.

करून पाहा

१. साबणाच्या चौकोनी डबीत थोडी वाळू पसरा. मध्यभागी पेन्सिल उभी करून तिच्यावर मातीचा गोळा बसवा आणि डबी पाण्यात सोडा. गोळा हळूहळू वर सरकवा. कोणत्या उंचीवर डबी उलटते ते मोजा. दुप्पट रुंदीची डबी घेऊन तेच करा.

२. डबीच्या एका बाजूला दोन काड्यांनी एक बूच जोडून उलांडी बनवा. आता गोळा किती वर नेता येतो?

३. खाडी ३ किलोमीटर रुंद, प्रवाह ताशी ४ आणि होडी ताशी ५ किलोमीटर. नेमके समोर उतरायला किती वेळ लागेल? (उत्तर : १ तास.) खाडी मधोमध असताना प्रवाह ताशी ५ किलोमीटर झाला तर काय होईल, हे मात्र आकृती काढून तुम्हीच ठरवा.